आमची जहाजे

सरकारी कारकुनाच्या मालकीची जहाजे समुद्रावर फिरत आहेत असे कोणी सांगितले, तर ऐकणारा आधी हसेल आणि मग, आमच्याच खात्यातील असेल तर, वर एक निनावी अर्ज धाडील. तरीही २०२० च्या ऑक्टोबर महिन्यापासून आम्ही जहाजांचे मालक आहोत ही गोष्ट खरी आहे. मालकी अंमळ पातळ आहे, एवढेच. आपल्या देशातील एका जहाज-कंपनीचे पाचशे भाग आम्ही त्या महिन्यात विकत घेतले. कंपनीच्या एकंदर भागांशी त्यांचे प्रमाण काढू गेल्यास एखाद्या तेलवाहू जहाजाच्या नांगराच्या साखळीतील निम्मी कडी तरी आमच्या वाट्याला येईल की नाही, याची शंकाच आहे. पण मालक तो मालक. कोलकात्यास बदली झाल्यापासून रविवारी खिदिरपूरच्या गोदीकडे फिरावयास जाण्याची आम्हांस सवय होतीच. त्या ऑक्टोबरानंतर त्या फेरफटक्याला तपासणीचे स्वरूप आले.

आम्ही मूळचे वेंगुर्ल्याचे. आमच्या आजोबांच्या पिढीला 'बोट' ही होडीतून जाऊन चढावयाची आणि मुंबईस उतरावयाची वस्तू होती. ती विकतही घेता येते हे त्यांच्या ध्यानीमनी नसणार. १९४७ च्या जुलैत 'रामदास' बुडाली, तिचे नाव आमच्या आजीच्या बोलण्यात अखेरपर्यंत येई, आणि ते आले की घरात क्षणभर कोणी बोलत नसे. बोटीतून पैसे मिळविणारी माणसे निराळीच. सोलापूरचे वालचंद हिराचंद त्यांपैकी. १९१९ साली त्यांनी व त्यांच्या भागीदारांनी ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून 'लॉयल्टी' ही आगबोट घेतली, कंपनीला 'सिंदिया' हे नाव दिले, आणि ५ एप्रिल रोजी ती बोट मुंबईहून लंडनला निघाली. त्या तारखेस आज आपण राष्ट्रीय नौवहन दिन म्हणतो. या कथेतील देशाभिमानाचा भाग सर्वांस पाठ आहे. हिशेबाचा भाग सहसा कोणी सांगत नाही. महायुद्ध नुकतेच संपले होते, जहाजांची चणचण होती आणि भाडी आकाशाला भिडली होती. १९२० नंतर तीच भाडी कोसळली. 'लॉयल्टी' तर १९२३ साली मोडीतच निघाली. स्वदेशी कंपनी तगली ती भाड्याच्या तेजीवर नसून मालकांच्या चिवटपणावर. आम्हां भागधारकांजवळ तो चिवटपणा नसतो. आमच्याजवळ फक्त विकण्याचा हक्क असतो.

आणि तो वापरावा केव्हा, हाच प्रश्न आहे.

प्रथम आमच्या भांडवलाची हकीकत सांगितली पाहिजे. तीर्थरूप अण्णा वेंगुर्ल्याच्या एस. टी. डेपोत होते. आमच्या लहानपणी त्यांनी आमच्या नावाने एक विमा उतरविला होता. त्याची मुदत २०२० मध्ये संपली आणि एक लाख वीस हजार रुपये आमच्या खात्यात येऊन पडले. बँकेत व्याज नाममात्र, बाहेर टाळेबंदीची छाया, आणि दुपारच्या सुट्टीत वाचावयास जुनी आर्थिक मासिके. त्या वर्षीच्या एप्रिलात तेलाला गिऱ्हाईक नव्हते, म्हणून व्यापारी तेलवाहू जहाजांचा गोदामासारखा उपयोग करीत होते आणि भाडी भडकली होती. ऑक्टोबरपर्यंत तो भर ओसरला. आमच्या कंपनीच्या सर्व जहाजांची बाजारातील किंमत काढून तीतून कर्ज वजा केले असता जो आकडा उरे, त्याच्या जवळजवळ निम्म्या भावाने तिचे भाग मिळत होते. दोनशे चाळीस रुपये सरासरीने आम्ही पाचशे घेतले.

केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४, यांतील सोळावा नियम येथील बहुतेक वाचकांस तोंडपाठ असेल. सरकारी नोकराने सट्टा करू नये. आणि वारंवार खरेदी किंवा विक्री केल्यास तो सट्टाच समजला जाईल. वर्षभरातील व्यवहार सहा महिन्यांच्या मूळ वेतनाहून अधिक झाल्यास त्याची माहिती पुढील ३१ जानेवारीपर्यंत कचेरीस द्यावी लागते. या नियमाबद्दल सहकाऱ्यांची कुरकुर आम्ही पुष्कळ ऐकतो. आमचे मत मात्र असे आहे की, जहाजांच्या भागांत पैसा घालणाऱ्यास याहून चांगला सल्ला एखाद्या दलालानेही दिला नसता. या धंद्यात दहा वर्षांत एकदा घ्यावे आणि एकदा विकावे. मधल्या काळात हात खिशात ठेवावे.

याचे कारण धंद्याच्या घडणीतच आहे. गणेशचतुर्थीस कोकणात जाणाऱ्यांना ते समजावून सांगण्याची गरज नाही. त्या आठवड्यात गाड्या तेवढ्याच, रूळ तेवढेच, आणि जाणारे चौपट; म्हणून खाजगी बसचे भाडे दुप्पट-तिप्पट होते आणि लोक ते मुकाट्याने देतात, कारण गणपती पुढच्या महिन्यावर ढकलता येत नाही. समुद्रावर हेच घडते. चीनमधील पोलादाच्या भट्टीला लोहखनिज हवे म्हणजे हवेच. भाडे खनिजाच्या किमतीचा लहानसा अंश असल्याने तो चढला तरी माल थांबत नाही. जहाज मात्र मागितल्याबरोबर मिळत नाही. ते बांधावयास दोन-तीन वर्षे लागतात. तोवर ज्याच्याजवळ जहाज आहे तो राजा. मग सर्व राजे एकाच वेळी नवीन जहाजे मागवितात, ती सर्व एकाच वेळी पाण्यात उतरतात, आणि वीस-पंचवीस वर्षे तरंगत राहतात. गणपती विसर्जन झाल्यावरही त्या खाजगी बसगाड्या रस्त्यावर रिकाम्या धावतच राहाव्यात, असा तो प्रकार आहे.

२००८ साल याचे शिखर. कोरड्या मालाच्या भाड्यांचा जो बाल्टिक निर्देशांक लंडनमध्ये रोज काढतात, तो २० मे २००८ रोजी ११,७९३ वर पोहोचला आणि त्याच वर्षी ५ डिसेंबरला ६६३ वर आला. केपला वळसा घालून जाणाऱ्या अतिप्रचंड जहाजांची दिवसाची कमाई जूनमध्ये दोन लाख तेहतीस हजार डॉलरांच्या घरात होती. डिसेंबरात ती अडीच हजारांच्या खाली उतरली. ही पडझड जगभरातील बँकांच्या संकटामुळे झाली असे म्हणतात, आणि ते खोटे नाही. पण तेव्हा कारखान्यांत बांधावयास दिलेल्या जहाजांची वाहकशक्ती तरंगणाऱ्या ताफ्याच्या निम्म्याहून कितीतरी अधिक होती. बँका सावरल्या तरी ती जहाजे येतच राहिली. निर्देशांकाने तळ गाठला तो २०१६ च्या फेब्रुवारीत, २९० वर. दक्षिण कोरियाची बलाढ्य हानजिन कंपनी त्याच वर्षीच्या ऑगस्टअखेर न्यायालयाच्या दारी गेली. म्हणजे तळ येऊन गेल्यानंतर. या धंद्यात माणसे बहुधा पहाटेच्या तोंडावर दगावतात.

२००८ च्या सुमारास आम्ही सावंतवाडीस महाविद्यालयात होतो. निर्देशांक वगैरे शब्द कानांवरूनही गेले नव्हते, पण त्याची सावली मात्र आम्ही पाहिली होती. गोव्याचे हलक्या प्रतीचे लोहखनिज, ज्यास पूर्वी फारसे कोणी विचारीत नसे, ते चीनकडे जाऊ लागले होते. डिचोली-सांखळीकडील रस्त्यांवर ट्रकांच्या रांगा आणि मांडवी-जुवारीत बार्जांच्या रांगा. ज्याच्या घरात दोन पदवीधर त्याच्या दारात बँकेच्या कर्जाचा एक ट्रक, अशी स्थिती. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, आधी सरकारच्या आदेशाने आणि मग सर्वोच्च न्यायालयाच्या, आणि त्या बार्जा खाडीत गंजत उभ्या राहिल्या. बंदीचे कारण निराळे होते हे खरे. परंतु कर्ज काढून घेतलेल्या वाहनाला भाड्याचे कारण विचारीत बसता येत नाही. हप्ता येतोच.

या चढउतारांना भरती-ओहोटी म्हणण्याची चाल आहे. समुद्राकाठी वाढलेल्या माणसास ती उपमा पटत नाही. भरती केव्हा येणार हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही सांगता येते. तिथीची पाऊणपट करावी, तितक्या वाजता साधारण पूर्ण भरती: अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ. उधाण कोणत्या तिथीस आणि भांग कोणत्या, हे पंचांगावरून कळते. येथे हुगळीवरही जहाजे भरतीचे वेळापत्रक पाहूनच सागरबेटाकडून वर येतात. नदीवाटे दोनशे किलोमीटरांहून अधिक यावयाचे, तर पाणी केव्हा चढेल हे ठाऊक असल्याखेरीज कोण येईल? भाड्यांच्या तेजीला पंचांग नाही. ती सहा महिने टिकेल की सहा वर्षे, हे नासर कालवा केव्हा ताब्यात घेतो, येमेनमधील बंडखोर केव्हा क्षेपणास्त्रे डागतात, आणि कोरिया-चीनमधील गोद्यांत किती सांगाडे उभे आहेत, यांवर ठरते. यांतील शेवटची गोष्ट तेवढी मोजता येते, म्हणून आम्ही तीच मोजतो.

मोजण्याजोगी आणखी एक गोष्ट आहे, पण ती उलटी वाचावी लागते. भागाचा भाव कंपनीच्या वार्षिक नफ्याच्या किती पट आहे यावरून तो स्वस्त की महाग हे ठरविण्याची रीत आहे. साबण किंवा औषधे करणाऱ्या कंपनीस ती ठीक आहे. जहाज-कंपनीचा भाव नफ्याच्या अवघा चार-पाच पट दिसू लागला, की नवखा मनुष्य 'काय हे सोने मातीमोल' म्हणून धावतो. वस्तुतः भाव कमी नसतो, नफा फुगलेला असतो. आणि बाजाराला ते ठाऊक असते. याउलट कंपनी तोट्यात असते तेव्हा हे गुणोत्तर काढताच येत नाही आणि कोणी तिच्याकडे फिरकत नाही; तेव्हा घ्यावे. शहाणे जहाजमालक स्वतः असेच वागतात. दुसऱ्याला हवे असते तेव्हा जुने जहाज विकतात, आणि कोणालाच नको असते तेव्हा घेतात. आमच्या कंपनीच्या तिमाही अहवालांत आम्ही नफ्याचा आकडा नंतर पाहतो. आधी तिने कोणती जहाजे विकली ते पाहतो. मालकच आपली गाय बाजारात नेऊ लागला, तर दूधवाल्याने काही समजावयास हवे.

पण मालकांचेही डोळे नेहमी उघडे असतात असे नाही. ओनासिसची कथा सर्वांस आवडते. १९५४ मध्ये त्याने सौदी अरेबियाशी परस्पर करार केला, म्हणून मोठ्या तेल-कंपन्यांनी त्याच्यावर बहिष्कार घातला. त्याची तेलवाहू जहाजे रिकामी पडली. इतक्यात १९५६ मध्ये सुएझ कालवा बंद झाला. इतरांची जहाजे दीर्घ मुदतीच्या करारांत अडकलेली, आणि मोकळी जहाजे त्याच्याकडे. त्याने अमाप संपत्ती मिळविली. या कथेचे जुळे भावंड नॉर्वेतील बर्गेन गावी आहे, आणि ते कोणी सांगत नाही. हिल्मार रेक्स्तेन यानेही कराराचे बंधन न पत्करता जहाजे रोजच्या भावावर मोकळी ठेविली. १९५६ ला फळ मिळाले. १९६७ मध्ये कालवा पुन्हा बंद झाला, तेव्हाही मिळाले. १९७३ च्या उन्हाळ्यात तर भाडी अशी चढली की पाच वर्षांचे करार चांगल्या दराने सहज झाले असते. त्याने केले नाहीत. ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटले, तेल कोंडले गेले, आणि त्याची प्रचंड जहाजे नॉर्वेच्या खाड्यांत बांधून ठेवावी लागली. साम्राज्य गेले. दोघांनी केले ते एकच. एकाचे चरित्र यशाच्या पुस्तकांत जाते, दुसऱ्याचे नाव शोधावे लागते. आम्ही बर्गेनच्या गृहस्थाचा विचार अधिक करतो. दोनदा बरोबर ठरलेल्या माणसाला तिसऱ्यांदा थांबविणार कोण?

आता आमच्या दिवाणखान्यातील सुएझकडे वळू. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाले. रशियाचे तेल युरोपऐवजी आपल्याकडे, म्हणजे कितीतरी लांब, येऊ लागले. तेल तेवढेच, पण अंतर वाढले, आणि जहाजाला मजुरी अंतराची मिळते. २०२३ च्या नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले. जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली, प्रवासास दहाबारा दिवस अधिक लागू लागले. दोनशे चाळीसचा भाग २०२४ च्या जूनअखेर तेराशेच्या पुढे गेला. कारकुनाच्या कपाटात साडेसहा लाखांचा कागद! कागद हा शब्द आम्ही सवयीने वापरला. आता तोही नसतो, फक्त दूरध्वनीच्या काचेवर आकडा असतो.

याच जूनमध्ये पुण्याहून चुलतभावाचे पत्र आले. वेंगुर्ल्याच्या घरातील आपला अर्धा हिस्सा तो काढीत होता. बाहेरचा गिऱ्हाईक ठरला होता. परंतु आम्ही चतुर्थीपूर्वी सव्वाचार लाख दिले तर तो आम्हांसच देण्यास राजी होता. चतुर्थी त्या वर्षी ७ सप्टेंबरला होती. अण्णा त्या घरात एकटे राहतात. मधोमध भिंत घालून पलीकडे कोणी परका राहावयास येणार, या कल्पनेने त्यांना झोप येत नव्हती. हे त्यांनी लिहिले नव्हते, शेजाऱ्यांनी कळविले.

आमच्या सौ.चे म्हणणे विचार करण्याजोगे होते. "अहो, वाळवी लागलेल्या घरासाठी सोन्यासारखी जहाजे विकायची? आपण तिथे जाऊन राहणार कधी, सांगा ना. चिरंजीव तीन वर्षांनी कॉलेजात जाईल, ते पैसे कुठून आणणार आहात?" शेजारच्या टेबलावरील बंगाली बाबूंचे मत निराळ्या वाटेने तिथेच पोहोचले: तांबडा समुद्र बंद आहे तोवर विकणे म्हणजे वेडेपणा, भाव दोन हजार होणार. हे गृहस्थ दुपारी आमच्याबरोबर लायन्स रेंजवर घुगनी खावयास येतात, आणि १९०८ साली स्थापन झालेल्या तेथील शेअरबाजाराच्या इमारतीकडे पाहून उसासे टाकतात. तेथील व्यवहार २०१३ पासून बंद आहेत. पण उसाशांना बंदी नाही.

आम्ही तीन रात्री वहीत आकडे मांडले. जुन्या जहाजांच्या किमती नव्यांच्या इतक्या जवळ आल्या होत्या की, तयार जहाजासाठी लोक घाईचे मोल देत होते. गोद्यांकडे तेलवाहू जहाजांच्या मागण्या वर्षभर वाढत होत्या. ती जहाजे २०२६ आणि त्यापुढे पाण्यात उतरणार. भाव नफ्याच्या सात पटीच्या आतच होता, म्हणजे दिसावयास स्वस्त. हे सर्व 'विका' म्हणत होते. पण खरे सांगावयाचे तर, चुलतभावाचे पत्र आले नसते तर तेच आकडे आम्ही 'थांबा' असेही वाचू शकलो असतो. आकड्यांना आवाज नसतो. तो घरातून पुरवावा लागतो. शेवटी सौ.शी तह झाला. साडेतीनशे भाग विकावयाचे, दीडशे चिरंजीवाच्या शिक्षणासाठी ठेवावयाचे, आणि त्या दीडशेंबद्दल निर्णय तिचा.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात तेराशे चाळीस रुपयांनी साडेतीनशे गेले. चार लाख एकोणसत्तर हजार. २३ जुलैच्या अर्थसंकल्पाने अशा नफ्यावरील कर दहावरून साडेबारा टक्के केला, त्याआधीच व्यवहार झालेला असल्याने आम्हांस सव्वीस हजार आणि वर उपकर एवढाच भरावा लागला. पैसे पुण्यास गेले. महिनाअखेर भाव आणखी शंभर-दीडशेंनी चढला, तेव्हा बंगाली बाबूंनी घुगनीचे पैसे आमच्याकडून घेतले नाहीत, सहानुभूती म्हणून. २०२५ उजाडले तेव्हा तोच भाव हजाराच्या खाली होता, आणि ते आम्हांस द्रष्टे म्हणू लागले. ३१ जानेवारीपूर्वी आम्ही नियमाप्रमाणे माहितीचा तक्ता भरून दिला. वरिष्ठांनी तो दोनदा वाचला आणि कोणत्या कंपनीचे भाग घ्यावेत, असे खाजगीत विचारले.

दीडशे भाग अजून आहेत. सौ. भाव रोज पाहत नाही; नवीन तेलवाहू जहाजे किती उतरली एवढेच तिमाहीस एकदा आमच्याकडून वाचून घेते आणि वहीत मांडते. गेल्या खेपेस तिने पेन्सिलीने एक आकडा लिहून त्यास चौकट केली. तो कसला, हे तिने आम्हांस सांगितलेले नाही.

अण्णांना पैसे कोठून आले हे आम्ही बरेच दिवस कळविले नव्हते. गेल्या मे महिन्यात रजेवर गेलो असता सांगितले. मधली भिंत घालण्याकरिता आणलेल्या चिऱ्यांवर बसून त्यांनी सर्व ऐकले, कंपनीचे नाव दोनदा विचारले आणि म्हणाले, "मग तिची बोट वेंगुर्ल्याला लागते का रे?" लागत नाही असे आम्ही सांगितले. इराकचे तेल घेऊन ती पारादीपला जाते. "हरकत नाही," ते म्हणाले, आणि त्या चिऱ्यांची विहिरीकडे पायरी करावी की काय, या विषयाकडे वळले.